हातांची मोजणी

गिरणगावात पगाराच्या दिवशी एका टेबलाला फार महत्त्व होतं. पगार वाटला जातो त्याच आवारात, फाटकाच्या आत, युनियनचा माणूस पावतीपुस्तक घेऊन बसणार आणि पगार घेऊन बाहेर पडणाऱ्या कामगाराकडून वर्गणी घेणार. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं मंजूर युनियनला तसा हक्कच दिला होता. आवारात वर्गणी गोळा करायची, फलक लावायचा, सभासदांशी बोलायचं. जिला ही मंजुरी नाही, त्या युनियननं फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहायचं. पुढे कधी कामगार नक्की कोणाच्या मागे आहेत असा प्रश्न निघाला, तर मोजायच्या त्या पावत्या.

कामाच्या ठिकाणी युनियन असावी की नसावी, हा वाद महाराष्ट्रात आज पुन्हा ऐकू येतो. चाकणच्या वाहन कारखान्यांच्या पट्ट्यात तो कधी थांबलाच नव्हता. आता हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींमध्येही तो दबक्या आवाजात चालतो. दोन्ही बाजूंनी बोलणारे मुख्यतः युनियनच्या गुणदोषांवर बोलतात. मी या विषयाचे कायदे आणि इतिहास वाचत गेलो, तसं मला वाटू लागलं की खरी गाठ त्याच्या आधीच बसलेली आहे. युनियन हवी का, हवी तर कोणती, हे कामगाराला क्वचितच सरळ विचारलं गेलं. त्याची मोजणी झाली, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणी केली.

पहिली मोजणी सह्यांची. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायच्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात, कामावर इजा झाली तर भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला देशातली पहिली कामगार संघटना म्हणतात. मात्र सरकारी अहवालानं तेव्हाच नोंदवून ठेवलं की या संस्थेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियमावली. नोंद खोटी नव्हती. तरीही एप्रिल १८९० मध्ये सुमारे १०,००० कामगार सभेला जमले, दोन कामगार स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. यादी नसलेल्या संघटनेनं मिळवलेली ती सुट्टी आज युनियनच्या कट्टर विरोधकालाही मिळते.

१८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना लोखंडे गेले. मुंबईत त्यांची परंपरा बराच काळ विस्कळीत राहिली.

पुढचा धडा मद्रासचा आहे. तिथे एप्रिल १९१८ मध्ये बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांसाठी मद्रास लेबर युनियन निघाली. बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष. टाळेबंदी झाली, संप झाला, आणि गिरणी चालवणाऱ्या कंपनीनं वाडियांवरच दावा लावला. कामगारांना त्यांच्या करारापासून फोडलं, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र आणणं हाच बेकायदा कट ठरू शकतो, हे देशाला त्या दिवशी कळलं. कोकणातल्या गोरेगावच्या नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात युनियनला संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला तो यातूनच. त्याचं फळ म्हणजे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. कोणत्याही सात जणांनी सह्या करून नोंदणी मागावी. नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर कटाचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा सहजासहजी चालायचा नाही.

सात जण! या आकड्यानं भलं केलं आणि वाटोळंही केलं. भलं असं, की सातच जण लागत असल्यामुळे भीतीच्या वातावरणातही युनियन जन्माला येऊ शकली. वाटोळं असं, की एकाच कारखान्यात सात-सातांच्या चार युनियनी उभ्या राहू शकल्या. मालकानं त्यातली हवी ती उचलायची आणि तिच्याशी करार करायचा. कारण त्या कायद्यात एक मोठी जागा कोरी होती. नोंदलेल्या युनियनशी बोलायला मालक बांधलेला नव्हता. ही कोरी जागा भरायचा प्रयत्न केला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं आणि १९४३ मध्ये युनियनला सक्तीची मान्यता देणारं दुरुस्ती विधेयक त्यांनी मांडलं. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूरही झाली. पण ती लागू करण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. कायदेमंडळानं संमत केलेला कायदा फडताळात पडून राहिला. आपल्या औद्योगिक इतिहासातली ही मला सर्वांत उद्वेगजनक वाटणारी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं.

मुंबईत मधल्या काळात कामगारांनी स्वतःची मोजणी स्वतः करून दाखवली होती. १९२८ चा सहा महिन्यांचा संप, सुमारे दीड लाख कामगार, आणि त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा. डांगे, मिरजकर, जोगळेकर ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. अर्जुन आळवे हे नाव कमी ऐकू येतं. ते स्वतः गिरणीत राबणारे, आणि युनियनचे अध्यक्ष. वर्षअखेर सभासद ५४,००० च्या घरात गेले आणि गिरणीगणिक समित्या झाल्या. खात्यातला माणूस खात्यातल्या माणसाशी बोलून वर्गणी घेत होता. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढारी पकडले गेले, त्याच वर्षीचा दुसरा संप फसला, आणि सभासदसंख्या पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळली.

या युनियनची थोरवी सांगताना तिच्यातली भेग लपवणं मला जमणार नाही. विणकाम खात्यात पगार चांगला. पण दलित कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. मालकानं ही बंदी घातली नव्हती, शेजारी काम करणाऱ्यानं घातली होती. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढे ठेवला, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यानं पुढच्या संपाला विरोध केला. मात्र १९३८ मध्ये प्रांतिक सरकारनं संपावर बंधनं घालणारं विधेयक आणलं, तेव्हा ७ नोव्हेंबरच्या संपात तेच बाबासाहेब डाव्या पुढाऱ्यांच्या जोडीला उभे राहिले. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी त्यांची कायदेमंडळातली मांडणी होती. युनियनवर टीका करणारा माणूस युनियनच्या हक्कासाठी रस्त्यावर येतो, यात मला कुठलीही विसंगती दिसत नाही. युनियन कशी असावी हा वाद युनियन असल्याशिवाय घालताच येत नाही.

आता पुन्हा त्या टेबलाकडे येऊ.

१९४६ चा कायदा गुलझारीलाल नंदा मुंबई प्रांताचे मजूरमंत्री असताना झाला. एका शहरातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक युनियन’, अशी त्याची रचना. कापड उद्योगात २५ टक्के सभासद दाखवणारी आणि इतरांहून मोठी युनियन प्रातिनिधिक ठरायची, आणि मग सगळ्या कामगारांच्या वतीनं बोलण्याचा हक्क तिच्या एकटीचा. मुंबईच्या गिरण्यांत ही जागा काँग्रेसप्रणीत इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. कल्पना मुळात वाईट नव्हती. सातसात जणांच्या युनियनींचा सुळसुळाट आवरायला एकच बोलणारा हवा, हे पटण्यासारखं आहे. दुखणं मोजणीत होतं. तपासायचे ते सभासद-नोंदणीचे कागद, आणि तपासणार सरकारी निबंधक. मतपेटी कुठेच नाही. ज्या युनियनचं टेबल आत, तिच्या पावत्या सहज फाटणार. बाहेरच्यानं आधी कामगाराची भीती घालवायची, मग वर्गणी घ्यायची, मग महिनोन्‌महिने ती टिकवून दाखवायची.

जवळजवळ साडेतीन दशकं ही व्यवस्था चालली. १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास मजदूर संघानं केलेला बोनसचा करार कामगारांना पसंत पडला नाही. काही गिरण्यांतले कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात जाऊन बसले. सामंत पेशानं डॉक्टर. खाणीत दगड फोडणाऱ्या मजुरांवर उपचार करता करता ते युनियनच्या कामात ओढले गेले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती की १९४६ चा कायदा रद्द करा आणि आमची युनियन आम्हाला निवडू द्या.

कायद्याच्या लेखी सामंतांना बोलण्याचा अधिकारच नव्हता. अडीच लाख माणसं ज्याच्या शब्दावर बाहेर बसली आहेत, त्याच्याशी बोलणी करता येत नाहीत. ज्या संघाशी बोलणी करता येतात, त्याच्या शब्दावर माणसं परत येत नाहीत. सरकार आणि मालक या कोड्यामागे निर्धास्त बसून राहिले. कामगार गावी गेले, कोकणात, साताऱ्याला, कोल्हापुराकडे. गावाकडून येणाऱ्या धान्यावर चाळींतल्या चुली पेटत राहिल्या, खाणावळवाल्या बायांनी उधारी वाढवत नेली. संप अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. पुढे गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते लोअर परळला उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

‘युनियनमुळे गिरण्या बुडाल्या’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मराठी मध्यमवर्गाच्या मनात युनियनबद्दलचा जो धसका आहे तो या वाक्यातून आलेला आहे. सामंतांच्या डावपेचांत चुका होत्या. तडजोडीची दारं त्यांनी वेळेवर उघडली नाहीत आणि कामगारांची ताकद मोजण्यात ते चुकले, असं म्हणायला जागा आहे. पण जुनाट यंत्रं, गिरणीतून काढून बाहेर लावलेला नफा, यंत्रमागांकडे वळलेलं उत्पादन हे सगळं संपाच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. आणि १९८२ च्या आधी एकदा, फक्त एकदा, गुप्त मतदान झालं असतं, तर बोलणी कोणाशी करायची हा प्रश्न एका दिवसात सुटला असता. म्हणून तो संप मला कामगारांना आपली युनियन निवडू न देण्याची किंमत वाटतो. ती किंमत कामगारांनी भरली.

पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या नव्या कारखान्यांना १९४६ चा कायदा लागू नव्हता. तिथे १९७१ चा महाराष्ट्राचा मान्यतेचा कायदा आला. ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत सलग सहा महिने ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मागता येते. देशातल्या बहुतेक राज्यांत एवढंही नव्हतं. युनियनमध्ये गेला म्हणून कामगाराला काढणं, मालकानं स्वतःच युनियन उभी करणं, या गोष्टी त्यानं ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरवल्या. म्हणजे ज्याला कामगार पॉकेट युनियन म्हणतात, ती बेकायदा ठरली. पण मोजणी इथेही सभासदत्वाच्या कागदांचीच.

ती कागदी असल्यामुळे काय होतं, हे औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. ‘कंपनीत युनियन लावायची’ असं ठरलं की पहिले काही महिने सगळं गुपचूप चालतं. साप्ताहिक सुट्टीला कोणाच्या तरी खोलीवर बसून फॉर्म भरायचे. प्रत्येक फॉर्मवर नाव, खातं, तिकीट नंबर आणि सही. ती यादी हीच युनियनची ताकद आणि हीच तिची सर्वांत मोठी जोखीम, कारण यादी ज्याच्या हाती पडेल त्याला नेमकं कोणाची बदली करायची ते कळतं. मग गेटवर नामफलकाचं अनावरण होतं, गुलाल उधळला जातो, आणि त्या फलकाखाली उभ्या असलेल्यांपैकी काही जण पुढच्या महिन्यात निलंबित असतात. गुप्त मतदानात सही नसते. केवळ एवढ्या कारणासाठी मी त्याच्या बाजूनं आहे.

बाहेरचा पुढारी नको, हा कारखानदारांचा नेहमीचा आक्षेप. तो सगळाच फेकून देण्यासारखा नाही. एकाच पुढाऱ्याच्या पन्नास युनियनी असल्या की कोणत्याच कारखान्याचा ताळेबंद त्यानं वाचलेला नसतो. कायद्यानंही २००१ मध्ये बाहेरच्या पदाधिकाऱ्यांची संख्या निम्म्यावरून एक-तृतीयांश किंवा पाच, यांपैकी कमी असेल तिथवर आणली. पण आतला माणूस पुढारी झाला की पहिला आघात त्याच्या नोकरीवर होतो. ज्याला काढताच येत नाही असा माणूस म्हणून वाडिया लागले, ना. म. जोशी लागले, सामंत लागले. आतल्यांच्या नोकरीला खरं संरक्षण द्या, बाहेरच्यांची गरज आपोआप कमी होईल.

याहून अवघड प्रश्न हा की मोजायचं कोणाला. आजच्या कारखान्यात कायम कामगार थोडे आणि त्यांच्या शेजारी त्याच मशीनवर कंत्राटी, शिकाऊ, ट्रेनी पुष्कळ. कायम करण्याचा प्रश्न येऊ नये म्हणून २४० दिवस भरण्याआधी ब्रेक देण्याची रीत जुनीच आहे. २०१३ पासून ‘नीम’ योजनेखाली हजारो मुलं कारखान्यांत आली. कागदोपत्री ती प्रशिक्षणार्थी असल्यामुळे कामगार म्हणून गणतीतच नव्हती. अनेक मान्यताप्राप्त युनियनी दर तीन वर्षांनी कायम कामगारांचा करार करतात, पेढे वाटतात, आणि कंत्राटी मुलाकडे बघतही नाहीत. विणकाम खात्याच्या दाराशी अडवलेला माणूस मला इथे पुन्हा दिसतो. पुण्यातच याच्या उलटं उदाहरण आहे. १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांची पंचायत उभी राहिली. त्यांना मालक नाही, मस्टर नाही, पगारपत्रक नाही. तरी त्यांनी आधी ओळखपत्रं मिळवली. आम्हाला मोजा, इथून त्यांनी सुरुवात केली.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनं गेल्या वर्षी मला विचारलं, “मामा, पण आम्ही थोडेच कामगार आहोत?” तिच्या कंपनीत काही जणांना एका खोलीत बोलावून त्याच दिवशी राजीनामा लिहायला सांगितलं होतं. तिच्या पदनामात ‘मॅनेजर’ हा शब्द आहे. तिच्या हाताखाली एकही माणूस नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही धरला होता, आणि तमिळनाडू सरकारनं २०१६ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांना युनियन करता येते असं स्पष्ट केलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं १२,००० च्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय श्रममंत्रालयाकडे दाद मागितली. अडचण कायद्याइतकीच मनाचीही आहे. भाचीला मी तिच्या आजोबांची आठवण दिली. ते बँकेत कारकून होते. १९ ऑक्टोबर १९६६ ला बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पहिला द्विपक्षीय करार केला. त्यानंतरच्या करारांतून ठरलेल्या पगारावर, महागाई भत्त्यावर आणि रजांवर तिच्या आईचं शिक्षण झालं. बँक, एलआयसी, मंत्रालय, शाळा या मराठी मध्यमवर्गाच्या घरांचा पाया युनियननं घातला. ‘आम्ही कामगार नाही’ असं त्या घरांत कोणी म्हणत नसे. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “पण आजोबांना कोणी एका दिवसात काढू शकत नव्हतं ना.” मी म्हटलं, तेच तर.

युनियन करणं हा राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानं दिलेला मूलभूत हक्क आहे. मात्र त्यात वाटाघाटीचा किंवा संपाचा हक्क आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे. १९२६ ची ती कोरी जागा आता औद्योगिक संबंध संहितेनं भरली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाल्याचं केंद्रानं जाहीर केलं. एकाहून अधिक युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीची मानकरी. कोणाकडेच तेवढे नसतील तर दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन परिषद बनवायची. मालकाला बोलावं लागेल, ही गोष्ट मोलाची आहे. त्याच संहितेनं प्रत्येक उद्योगात संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली, निम्म्या कामगारांनी एका दिवशी रजा टाकली तर तो संप ठरवला, आणि कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. एका हातानं खुर्ची दिली, दुसऱ्या हातानं टेबलावर आपटायची मूठ बांधून टाकली. आणि ५१ टक्के मोजायचे कसे, हे संहितेच्या कलमात नाही. ते नियमांवर सोपवलं आहे.

मोजायचं कसं हे या देशाला माहीत नाही असं नाही. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये गुप्त मतदानाची पद्धत तपशिलानं लिहून दिली. मतदारयादी आधी प्रसिद्ध करायची, प्रत्येक युनियनला चिन्ह द्यायचं, मतपत्रिकेवर स्थानिक भाषाही असायची, सगळ्यांचे प्रतिनिधी हजर असायचे. रेल्वेनं तर २००७ पासून अशा निवडणुका घेतल्या आहेत. दुसरी २०१३ मध्ये, तिसरी ४ ते ६ डिसेंबर २०२४ ला, देशभर सुमारे १२ लाख मतदारांची. त्यात मध्य रेल्वेच्या परळ आणि माटुंगा वर्कशॉपचे, पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ वर्कशॉपचे कामगारही मतदार होते. फिटर, वेल्डर, खलाशी यांनी आपापली युनियन चिन्हावर शिक्का मारून निवडली, आणि कोणी कोणाला मत दिलं ते साहेबाला कळलं नाही.

या वर्कशॉपांच्या आसपास एकेकाळी गिरण्यांच्या चिमण्या होत्या. गिरणीचा भोंगा आणि वर्कशॉपचा भोंगा एकाच वस्तीला ऐकू जायचा. त्या वस्तीतल्या गिरणी कामगाराच्या हातात अशी मतपत्रिका १९४६ पासून १९८२ पर्यंतच्या ३६ वर्षांत एकदाही पडली नाही.